मोबाइलवरच्या बैठकीत आपलाच आवाज परत का येतो?

बचत गटाची, ग्रामसंघाची बरीच बोलणी आता मोबाइलवर होतात. नेरला बसून आपण यवतमाळच्या ताईंकडून व्हिडिओ कॉलवर हिशोब समजून घेतो. मध्येच आपलाच शब्द क्षणभराने आपल्या कानावर येतो. वाटतं, आपला मोबाइल बिघडला. पण हा प्रतिध्वनी बहुतेक वेळा पलीकडच्या खोलीत तयार होतो. आपला आवाज तिकडच्या स्पीकरमधून निघतो, भिंतींवर आपटून तिकडच्याच माइकमध्ये शिरतो आणि परत येतो.

ही अडचण जुनी आहे. १९७०च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या आर्वीहून (वर्धा जिल्ह्यातलं आर्वी वेगळं) परदेशचे फोन उपग्रहामार्फत जाऊ लागले. तिथल्या केंद्राचं नाव विक्रम भू-केंद्र. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, म्हणजे प्रतिध्वनी परतायला अर्धा सेकंद. अशात बोलणारा अडखळणारच. यावरचा उपाय अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत शोधला गेला. तिथे काम करणारे, भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी यांचा त्यावरचा महत्त्वाचा लेख १९६७ साली छापून आला.

उपाय आपल्या ओळखीचा आहे. वजनकाट्यावर कापसाची भरली गाडी मोजतात, मग रिकामी गाडी मोजून वजा करतात. राहतो तो कापूस. मोबाइलही तेच करतो. स्पीकरमधून काय वाजवलं हे त्याला माहीत असतं. खोलीत ते कसं घुमतं, हे तो सतत शिकतो आणि माइकमध्ये आलेल्या आवाजातून तेवढं वजा करतो. हे काम झटपट व्हावं लागतं. आवाज पोचायला सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्शापेक्षा जास्त वेळ लागला, तर एकमेकींच्या बोलण्यावर बोलणं होतं. शिवाय साध्या मोबाइलची बॅटरीही टिकायला हवी. म्हणून हा हिशोब थोडक्यात उरकावा लागतो.

चार जणींचे आवाज वेगळे करणं मात्र फार कठीण. एकाच गाडीत दोघींचा कापूस न मोजता भरला, तर कुणाचा किती हे कसं सांगणार? काही यंत्रं दोन माइकमध्ये आवाज किती पुढेमागे पोचला यावरून दिशा ओळखतात. काही माणसाचा आवाज आणि पंख्याची घरघर यांतला फरक शिकलेली असतात. पण दोघी एकदम बोलल्या, तर एकीचा आवाज दबू शकतो. मागे बसलेल्या ताईचा हळू आवाज कधी खोलीतल्या गोंगाटाबरोबर गाळला जातो.

कर्जाचा ठराव चालू असताना तिचा ‘नाही’ पलीकडे पोचलाच नाही, तर ठराव एकमताने झाला असंच लिहिलं जाईल. म्हणून आपण काही गोष्टी पाळू:

एका खोलीत एकच मोबाइल कॉलवर ठेवायचा. दुसऱ्या मोबाइलने काय वाजवलं हे पहिल्याला माहीत नसतं, त्यामुळे आवाज घुमतो.

दुसऱ्या गावची ताई बोलताना आपला माइक बंद ठेवायचा.

भिंती उघड्या असतील तर सतरंजी, गोधडी टाकायची. घुमणं कमी होतं.

एका वेळी एकीनेच बोलायचं. ठरावाच्या वेळी सचिवताईंनी एकेकीचं नाव घेऊन विचारायचं आणि उत्तर मोठ्याने परत सांगायचं.

यंत्र आवाज साफ करून देईल. कुणाचं ऐकायचं राहिलं, हे मात्र आपणच पाहायचं.