पिशवी काढण्याआधीचे एक मिनिट

मराठवाड्यातल्या गावात बायकांच्या घोळक्यात बसले की एक शब्द हमखास कानावर पडतो: पिशवी. 'पिशवीला सूज आहे', 'पिशवी खराब झालीय', 'काढून टाकली एकदाची, कटकट मिटली'. गर्भाशय हा शब्द शाळेच्या पुस्तकातला, रोजच्या बोलण्यात पिशवीच. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, पाळीत फार जाते, ओटीपोटात दुखते. तक्रार कोणतीही असो, अनेकींच्या बाबतीत तिचा शेवट एकाच सल्ल्यापाशी होतो. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

२०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने पाहिलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्यातल्या कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. खाडा झाला की पैसे कापले जातात, फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या चार दिवसांतही कोयता सुटत नाही. अशा जगण्यात 'एकदाची काढून टाका' हे ऐकायला सोपे वाटते. त्यावर कॅन्सरची भीती घातली की पुढे प्रश्न विचारायचे बळ कुणाकडे उरणार?

या बायकांना एक साधी गोष्ट कुणी नीट सांगितली नाही. निरोगी गर्भाशयमुख आणि कॅन्सर यांच्यामध्ये वर्षानुवर्षांचा एक टप्पा असतो. त्या टप्प्यावर पेशी बिघडू लागलेल्या असतात, पण कॅन्सर झालेला नसतो. तो बिघाड शोधता येतो आणि पिशवीला हात न लावता काढूनही टाकता येतो.

गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचे तोंड, योनीमार्गाच्या आतल्या टोकाला असलेला लहानसा गोल, गुलाबी भाग. त्याच्या बाहेरचे अस्तर वेगळे आणि आतल्या नळीचे वेगळे. ही दोन अस्तरे जिथे एकमेकांना भेटतात, तिथल्या पेशी वयात येण्यापासून बदलत राहतात. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, नेमका याच कोवळ्या पट्ट्यात शिरतो. हा विषाणू लैंगिक संबंधांतून येतो, आणि एवढे एक वाक्य ऐकले की गावातली बाई गप्प होते, नवरा संशयाने पाहू लागतो. म्हणून पुढचे वाक्यही लगेच सांगायला हवे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांच्या शरीरात हा विषाणू कधी ना कधी येऊन जातो. जन्मभर एकाच माणसाशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो. तो कुणाच्या चारित्र्याचा पुरावा नव्हे.

दहातल्या बहुतेक जणींचे शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावते. काही थोड्या जणींमध्ये मात्र त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे किंवा तसेच इतर धोक्याचे प्रकार ठाण मांडून बसतात. तिथल्या पेशी हळूहळू बिघडत जातात. या बिघाडातून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या बाईत मात्र तेच अंतर पाच-दहा वर्षांवर येते.

वेळीच उपचार केले तर किती फरक पडतो, याचा हिशेब एका दुःखद प्रकरणामुळे हाती आला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि ७०च्या दशकांत, तीव्र बिघाड दिसत असूनही अनेक बायकांना पुरेसे उपचार न देता नुसते पाहत राहण्यात आले. त्यांना हे सांगितलेही गेले नव्हते. पुढे न्यायिक चौकशी झाली. २००८ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा उपचारांविना राहिलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के बायकांना तीस वर्षांत कॅन्सर झालेला दिसला. ज्यांच्यावर नीट उपचार झाले, त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

मग हा बिघाड शोधायचा कसा? श्रीमंत देशांनी पॅप चाचणीच्या बळावर या रोगाला मागे रेटले. गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली वाचायच्या. त्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात, प्रयोगशाळा लागते, अहवाल घरी पोचवणारी यंत्रणा लागते आणि दर काही वर्षांनी सगळे पुन्हा करावे लागते. तालुक्याच्या गावी यातली एकेक कडी तुटते.

म्हणून गरीब देशांनी धरलेली वाट स्वयंपाकघराच्या जवळची आहे. बाई टेबलावर पाय दुमडून झोपते. परिचारिका योनीमार्गात स्पेक्युलम बसवते आणि दिव्याचा झोत आत सोडते. कापसाचा बोळा तीन ते पाच टक्क्यांच्या ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे जवळपास घरच्या व्हिनेगरएवढ्या तीव्रतेच्या द्रावणात बुडवून गर्भाशयमुखावर अलगद लावते. मग एक मिनिट थांबायचे. हे मिनिट मोलाचे असते. बिघडलेल्या पेशींची केंद्रे मोठी झालेली असतात, त्यांत प्रथिने दाटलेली असतात. आम्ल लागले की ती तात्पुरती गोठतात आणि गुलाबी पृष्ठभागावर दाट पांढरा डाग उमटतो, कडा स्पष्ट असलेला. निरोगी भाग गुलाबीच राहतो. थोडे चुरचुरते, बाकी काही नाही. बाई टेबलावरून उतरायच्या आत तिला उत्तर मिळालेले असते.

डॉक्टरी भाषेत याला व्हीआयए म्हणतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून शहरातल्या झोपडपट्ट्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर याचा मोठा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या तरुणींना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवले होते. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतर तपासणीच्या वस्त्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. डाग 'पाहायचा' असतो, आणि पाहणाऱ्याच्या नजरेत फरक पडतो. पाळी थांबल्यावर तो बदलणारा पट्टा आतल्या नळीत सरकतो आणि दिसेनासा होतो, त्यामुळे पन्नाशीनंतर ही पद्धत फारशी कामाची राहत नाही.

आज जगभर या चाचणीची जागा एचपीव्ही चाचणी घेत आहे, आणि त्यामागचा एक भक्कम पुरावा सोलापूर-उस्मानाबादच्या मातीतून आला आहे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी डॉ. बी. एम. नेने यांनी नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल उभे केले. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. या पायावर १९९९ मध्ये बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियोनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास हाती घेतला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए, आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. चाचणी प्रत्येकीची एकदाच. बोलावलेल्या पाचपैकी चार बायका तपासणीला आल्या. 'खेड्यातल्या बायका तयारच होत नाहीत' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आठ वर्षांनी हिशेब मांडला. एचपीव्ही चाचणीच्या गावांत या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या गावांत ६४. पुढच्या टप्प्यात गेलेले कॅन्सर पहिल्या गावांत ३९ होते, दुसऱ्या गावांत ८२. पॅप आणि व्हीआयएच्या गावांत असा ठोस फरक दिसला नाही. ज्यांची एचपीव्ही चाचणी निर्दोष आली, त्यांना पुढच्या वर्षांत कॅन्सर होण्याचे प्रमाण इतर दोन चाचण्यांत निर्दोष ठरलेल्या बायकांच्या सुमारे एक चतुर्थांशच निघाले. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने हे निष्कर्ष छापले आणि जगभरच्या तपासणी धोरणांच्या चर्चेत या जिल्ह्याचे नाव आले.

इथे एक खटकणारी गोष्टही आहे, आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. तपासणीचा उपयोग होतो हे ठाऊक असताना तुलनेसाठी हजारो बायकांना तिच्याविना ठेवणे योग्य होते का, असा सवाल मुंबई आणि उस्मानाबादच्या अभ्यासांवर पुढे केला गेला. त्या काळी त्या बायकांना एरवीही कुठलीच तपासणी मिळत नव्हती, हे संशोधकांचे उत्तर. ते उत्तर खरे आहे, म्हणूनच ते अधिक बोचते. ६४ हा आकडा वाचताना त्यामागची ६४ घरे डोळ्यांपुढे यायला हवीत.

आणि त्यांचे ऋण आपण कितपत फेडले? २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या बायका शंभरात दोनही भरल्या नाहीत. सरकारच्या २०१६च्या आराखड्यात तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी लिहिलेली आहे. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार त्याने दगावतात.

बिघाड सापडल्यावरचे उपचारही आता तालुक्याच्या आवाक्यातले आहेत. डाग लहान असेल आणि पूर्ण दिसत असेल तर अतिथंड टोकाने तो गोठवता येतो, किंवा बॅटरीवर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या उपकरणाचे सुमारे शंभर अंशांपर्यंत तापलेले टोक अर्धा-एक मिनिट टेकवून जाळता येतो. भूल लागत नाही, टाके नाहीत, बाई चालत घरी जाते. डाग मोठा असेल किंवा आत गेला असेल तर तारेच्या कड्याने तेवढा भाग कापून काढतात. पिशवी तिथेच राहते. उलट, आत कॅन्सर लपलेला आहे का हे न तपासता पिशवी काढली तर पुढचा योग्य उपचार अवघड होऊन बसतो. म्हणजे ज्या भीतीने बाई शस्त्रक्रियेला तयार होते, त्याच भीतीच्या बाबतीत तिचे नुकसान होऊ शकते.

बार्शीचे नाव आणखी एका कारणाने घ्यावे लागते. एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये देशात जिथे अभ्यास सुरू झाला, त्या ठिकाणांत बार्शीही होते. २०१० मध्ये वेगळ्याच प्रकल्पावरून वाद उठला आणि लसीकरण मधेच थांबवावे लागले. हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही, आणि दहा वर्षांनी दिसले की १६ आणि १८ क्रमांकांच्या विषाणूंच्या चिवट संसर्गापासून एका डोसनेही जवळपास तितकेच संरक्षण दिले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली, त्यामागे या मुलींचाही वाटा आहे. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक बाजारात आली.

पण लस ही मुलींसाठी. त्यांच्या आया आज तीस-चाळीस वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्यासाठी तपासणीच हवी. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यानंतरचे पाच-सहा महिने बाई गावात असते. एचपीव्ही चाचणीचा नमुना तिला स्वतःलाही घेता येतो: लहानसा मऊ ब्रश, दाराची कडी लावायची, ब्रश आत घालून फिरवायचा आणि नळीत टाकून आशाताईंच्या हाती द्यायचा. उघडे झोपायला नको, पुरुष डॉक्टरसमोर लाजायला नको, दिवसाची मजुरी बुडायला नको. अहवाल महिना-दीड महिन्यात आला तरी चालते, कारण ज्यांच्यात विषाणू सापडेल त्यांची पुढची तपासणी आणि गरज पडल्यास उपचार पोळ्याच्या आसपास ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतात. फक्त तो अहवाल टोळी निघायच्या आत तिच्या हातात पडला पाहिजे.