गोळी हरते तेव्हा

सुरतच्या दक्षिणेला, मुंबईच्या रेल्वेमार्गावर सचिन हे गाव आहे. इथल्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्यांत खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी माणसेही आहेत. रोजंदारी बुडू नये म्हणून दुकानातून परस्पर अँटिबायोटिकची गोळी घेण्याचा मोह इथे सहज होतो.

● 1994 : सुरतेत प्लेगची साथ आली आणि टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकसाठी झुंबड उडाली. आजारी नसलेल्यांनीही गोळ्या साठवल्या.

● गोळी का हरते, जंतू कसा बदलतो? औषधाने बहुतेक जीवाणू मरतात. बदललेले काही तगतात आणि वाढतात. काही जीवाणू प्रतिकाराची जनुके शेजारच्या जीवाणूंनाही देतात.

● क्षयरोग : आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा तो एमडीआर टीबी. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2012 च्या सुमारास तपासलेल्या कोणत्याही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले.

● जगभर : 2019 मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट सुमारे 12.7 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

● कायदा : 2014 पासून ‘शेड्यूल एच 1’मधील अँटिबायोटिकच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवणे बंधनकारक आहे. 2019 मध्ये कोंबड्या व जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली.

लक्षात ठेवा : सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. पाकिटावर उभी लाल रेषा दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घेऊ नका. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. क्षयाचा उपचार बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडू नका. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो.