श्रद्धा, शंका आणि आक्रोश : अंडरओथचा 'डिफाइन द ग्रेट लाइन'

'डिफाइन द ग्रेट लाइन' हा अंडरओथ या अमेरिकी बँडचा पाचवा अल्बम. 20 जून 2006 रोजी तो प्रसिद्ध झाला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे 98 हजार प्रती खपल्या आणि 'बिलबोर्ड 200' या अमेरिकेतील अल्बम-विक्रीच्या यादीत तो थेट दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाला. ख्रिस्ती संगीत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोणत्याही अल्बमला 1997 नंतर इतके वरचे स्थान मिळाले नव्हते. पुढे पाच लाख प्रतींची मजल गाठून त्याने 'गोल्ड' प्रमाणपत्रही मिळवले. हे सगळे घडले ते कानठळ्या बसवणाऱ्या, बराचसा भाग आरोळ्यांत गायलेल्या संगीताच्या बाबतीत. म्हणूनच ख्रिस्ती रॉकच्या इतिहासात या अल्बमचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

ख्रिस्ती रॉकची परंपरा

रॉक संगीत आणि चर्च यांचे नाते सुरुवातीपासून ताणलेले होते. 1960च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील हिप्पी तरुणांचा एक वर्ग येशूकडे वळला. या चळवळीला 'जीझस मूव्हमेंट' म्हणतात. लॅरी नॉर्मन याचा 1969चा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम ख्रिस्ती रॉकच्या आरंभीच्या अल्बमांत गणला जातो. 1980च्या दशकात स्ट्रायपर या कॅलिफोर्नियाच्या बँडने हेवी मेटलमधून ख्रिस्ताचे नाव घेतले, तेव्हा अनेक धर्मोपदेशक संतापले. टीव्हीवरील प्रसिद्ध प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी तर धार्मिक रॉकविरुद्ध पुस्तकच लिहिले. त्यांच्या मते हा मेंढराच्या कातड्यातला लांडगा होता.

विरोध असूनही या संगीताने आपली जागा केली. शिकागोच्या 'जीझस पीपल यूएसए' या समूहाने 1984मध्ये इलिनॉय राज्यात 'कॉर्नरस्टोन' हा महोत्सव सुरू केला. तो 2012पर्यंत चालला. चर्चच्या व्यासपीठावर ज्यांना जागा नव्हती अशा पंक आणि मेटल बँडांना तिथे श्रोते मिळाले. 1993मध्ये ब्रँडन एबल याने 'टूथ अँड नेल' ही रेकॉर्ड कंपनी काढली. अधिक कर्कश संगीतासाठी तिचीच 'सॉलिड स्टेट' ही शाखा 1997मध्ये निघाली. वेस्ट व्हर्जिनियाचा झाओ, अटलांटाजवळचा नॉर्मा जीन आणि अंडरओथ हे बँड याच शाखेतून लोकांसमोर आले.

पोस्ट-हार्डकोरचे व्याकरण

अंडरओथचे संगीत ज्या पोस्ट-हार्डकोर शैलीत मोडते, तिचे मूळ वॉशिंग्टन शहरातील हार्डकोर पंकमध्ये आहे. 1980च्या सुमारास तिथे मायनर थ्रेटसारखे बँड दीड-दोन मिनिटांची, अतिवेगवान आणि संतप्त गाणी वाजवत होते. काही वर्षांतच त्या चौकटीचा त्यांनाच कंटाळा आला. राइट्स ऑफ स्प्रिंग आणि नंतर फुगाझी यांनी तीच तीव्रता ठेवून लय मोडली, शांत जागा आणल्या आणि गाण्यात वैयक्तिक वेदनेला वाव दिला. 1998मध्ये स्वीडनच्या रिफ्यूज्डने आणि 2000मध्ये टेक्सासच्या अ‍ॅट द ड्राइव्ह-इनने या शैलीच्या सीमा आणखी रुंदावल्या.

या संगीतात आरोळी आणि सुरेल गाणे एकाच गाण्यात नांदतात. आरोळी, म्हणजे 'स्क्रीम', हे एक शिकावे लागणारे तंत्र आहे. गायक पोटातून श्वासाचा आधार देतो आणि मुख्य स्वररज्जूंवर ताण न आणता त्यांच्या वरच्या पडद्यांतून खरखरीत आवाज काढतो. हे तंत्र चुकले तर घसा कायमचा दुखावू शकतो. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून सूर खाली उतरवलेला असतो. त्यामुळे नाद जड होतो. 'ब्रेकडाउन' नावाच्या जागी वेग अचानक निम्म्यावर येतो आणि सगळी वाद्ये एकाच ठोक्यावर आदळतात. मैफिलीत श्रोत्यांचा जमाव याच क्षणी उसळतो.

फ्लोरिडातील तरुण

अंडरओथची स्थापना 1997मध्ये फ्लोरिडातील ओकाला येथे झाली. नंतर टॅम्पा हे बँडचे घर झाले. पहिले तीन अल्बम डॅलस टेलर याच्या आवाजात निघाले आणि त्यांचा बाज मेटलकडे झुकणारा होता. 2003मध्ये टेलर बाहेर पडला. सुरुवातीच्या संचातील एकटा ड्रमवादक आरन गिलेस्पी उरला. त्याच्याभोवतीचा संच आता असा होता : गायक स्पेन्सर चेंबरलेन, गिटारवर टिम मॅकटेग आणि जेम्स स्मिथ, बासवर ग्रँट ब्रँडेल आणि कीबोर्डवर ख्रिस डडली.

या संचाचा 'दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी' हा अल्बम 2004मध्ये आला आणि तुफान गाजला. त्यात गिलेस्पीचा गोड, उंच आवाज पुढे होता. ड्रम वाजवता वाजवताच तो गात असे. चेंबरलेन नुकताच आला होता आणि आधीच ठरलेल्या साच्यात त्याला आपला आवाज बसवावा लागला. हेच सूत्र पुन्हा वापरले असते तर विक्रीची हमी होती. बँडने ते नाकारले आणि अधिक गडद, अधिक कठीण संगीताची वाट धरली. 'डिफाइन द ग्रेट लाइन'चे मोठेपण या निर्णयापासून सुरू होते.

अल्बमची घडण

निर्मितीची जबाबदारी दोघांवर होती. अटलांटाचा मॅट गोल्डमन हा ड्रमचा नैसर्गिक नाद पकडण्यात वाकबगार, तर किलस्विच एंगेज या मेटल बँडचा गिटारवादक अ‍ॅडम डुट्कीविच हा वजनदार गिटार आणि भेदक आरोळ्या यांचा जाणकार. दोघांचे गुण इथे एकत्र आले. ड्रम मोकळ्या खोलीत वाजत असल्यासारखे घुमतात, गिटार धारदार राहते आणि कीबोर्डचे पातळ, धुकट सूर मागे पसरतात. डडलीचे काम वरवर ऐकता जाणवत नाही. पण ते काढून टाकले तर अल्बमचे अर्धे वातावरण हरवेल.

सर्वांत मोठा बदल आवाजात आहे. चेंबरलेनने इथे स्वतःची आरोळी शोधली. ती कधी खोल आणि गुरगुरणारी असते, कधी फाटलेली आणि उंच, तर कधी बोलण्याच्या जवळ जाणारी. गिलेस्पीचे सुरेल गायन कमी झाले. नेमक्या जागीच येत असल्याने ते अधिक परिणाम करते.

अकरा गाणी, एक प्रवास

अल्बममध्ये 11 गाणी आहेत आणि ती क्रमाने ऐकावीत अशीच बांधलेली आहेत. 'इन रिगार्ड्स टू मायसेल्फ' या पहिल्या गाण्यात गायक स्वतःलाच जागे करू पाहतो. तालाचे आघात सतत जागा बदलतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या पायाखाली स्थिर जमीन राहत नाही. 'यू आर एव्हर सो इन्व्हायटिंग' हे जुन्या चाहत्यांना जवळचे वाटेल असे गाणे आहे. वेग, आरोळी आणि सुरेल ध्रुवपद यांचा तोल त्यात उत्तम साधला आहे.

अल्बमच्या मध्यावर 'साल्मार्निर' येते. त्यात गाणे नाही. संथ वाद्यसंगीतावर बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ओळींचे रशियन भाषेत पठण होते. बहुसंख्य अमेरिकी श्रोत्यांना शब्द कळणार नाहीत हे उघड होते. अर्थ बाजूला राहतो आणि प्रार्थनेचा केवळ नाद उरतो.

'कास्टिंग सच अ थिन शॅडो' हे लांबलचक गाणे बराच काळ वाद्यांवरच चालते आणि आवाज उशिरा प्रवेश करतो. 'रायटिंग ऑन द वॉल्स' हे अल्बममधील सर्वांत गाजलेले गाणे. त्याच्या चित्रफितीला 2007च्या ग्रॅमी पुरस्कारांत लघु संगीत-चित्रफितीच्या गटात नामांकन मिळाले. 'टू हूम इट मे कन्सर्न' या अखेरच्या गाण्यात वेग ओसरतो. इतका वेळ वादळात भरकटलेल्या माणसाला परत येण्याची वाट आहे, असा दिलासा ते देते. तो दिलासा पटतो, कारण आधीच्या दहा गाण्यांनी काळोख लपवलेला नाही.

श्रद्धेची भाषा

त्या काळच्या ख्रिस्ती पॉप संगीतात स्तुती आणि विजयाची भाषा असे. 'डिफाइन द ग्रेट लाइन'मध्ये अपराधभाव, थकवा, स्वतःचा तिटकारा आणि देव ऐकत नसल्याची भीती आहे. येशूचे नाव क्वचितच येते आणि उपदेश नाही. तरीही हा भाव बायबलला परका नाही. ईयोबाच्या पुस्तकातील तक्रार, विलापगीतातील रडणे आणि स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रांमधला 'किती काळ' हा प्रश्न याच जातीचा आहे. धर्मग्रंथातला हा आक्रोश ख्रिस्ती पॉपने बव्हंशी बाजूला ठेवला होता. अंडरओथने तो पुन्हा मध्यभागी आणला.

या शब्दांमागे खरा संघर्ष होता. 2006च्या उन्हाळ्यात, अल्बम यशाच्या शिखरावर असताना, बँडने 'वॉर्प्ड टूर' हा फिरता महोत्सव अर्ध्यावर सोडला. आपसातील संबंध सांभाळण्याला तेव्हा प्राधान्य दिले गेले. त्या वर्षांत आपण व्यसनाशी झगडत होतो, असे चेंबरलेनने पुढे मुलाखतींमध्ये उघडपणे सांगितले.

नंतरची वाट

2008मध्ये 'लॉस्ट इन द साउंड ऑफ सेपरेशन' आला आणि बिलबोर्डच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला. 2010मध्ये गिलेस्पी बाहेर पडला. त्याने पुढच्या वर्षी 'अँथम साँग' हा उपासनागीतांचा अल्बम काढला. नॉर्मा जीनचा माजी ड्रमवादक डॅनियल डेव्हिसन याला घेऊन बँडने 'डिसअँबिग्युएशन' केला आणि 2013च्या सुरुवातीला निरोपाचा दौरा करून काम थांबवले.

2015मध्ये गिलेस्पीसह बँड पुन्हा एकत्र आला. 2018च्या 'इरेज मी' या अल्बमच्या वेळी सदस्यांनी जाहीर केले की अंडरओथ यापुढे ख्रिस्ती बँड म्हणून ओळखला जाणार नाही. त्यातील 'ऑन माय टीथ' या गाण्यात शिवी होती आणि अनेक जुने चाहते दुखावले. त्याच गाण्याला ग्रॅमीच्या मेटल गटात नामांकनही मिळाले. 2022चा 'व्हॉयरिस्ट' बँडने स्वतःच निर्माण केला. 'द प्लेस आफ्टर धिस वन' हा अल्बम 28 मार्च 2025 रोजी प्रसिद्ध झाला.

पुढे काही सदस्यांची श्रद्धा बदलली म्हणून 2006च्या अल्बममधील प्रार्थना खोटी ठरत नाही. ती ज्या वेळी उच्चारली गेली त्या वेळी पूर्ण प्रामाणिक होती, आणि तिच्यातल्या शंकाही तितक्याच प्रामाणिक होत्या. या प्रामाणिकपणामुळेच श्रद्धाळू आणि अश्रद्ध असे दोन्ही श्रोते आजही या अल्बमकडे येतात. अंडरओथचा एकच अल्बम ऐकायचा असेल, तर तो 'डिफाइन द ग्रेट लाइन' असावा. तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न थांबता आणि गाण्यांचे शब्द समोर ठेवून ऐकावा.