तक्रार कोणाकडे करायची?



2020 साली करार झाला, विमानं सुरू झाली आणि तेल अवीवहून दुबई तीन-साडेतीन तासांवर आली. 2022 च्या हनुकात आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो. आमचा भाचा नोकरीसाठी दुबई मरीनात राहतो. त्याची आई, म्हणजे आमच्या वन्सं, ठाण्याला एकट्याच होत्या. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, म्हणून मुलाने त्यांना आपल्याकडे आणलं.

मरीना बघण्यासारखी आहे. समुद्राचं पाणी आत घेऊन खणलेला तीनेक किलोमीटरचा कालवा आणि दोन्ही काठांना उंचच उंच इमारती. 2014 साली सुरू झालेल्या ट्राममध्ये चाकाची खुर्ची सरळ आत जाते. रोज संध्याकाळी आम्ही वन्संना पाण्याकाठी फिरवून आणत होतो.

पण घरातली गोष्ट वेगळी. आम्ही जन्मभर नर्सचं काम केलं, म्हणून पहिल्याच दिवशी वन्संची टाच बघितली. लालबुंद झाली होती. आणखी आठवडा गेला असता तर जखम झाली असती. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. सांभाळणारी बाई मनाने चांगली, पण स्वयंपाकपाणी करणारी. तिला हे काम कोणी शिकवलंच नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, उशी पोटरीखाली द्यायची म्हणजे टाच अधांतरी राहते, घास भरवायचा तो नीट बसवूनच. आम्ही दाखवलं, तिने आठ दिवसांत सगळं उचललं.

एका रात्री भाचा म्हणाला, "मामी, शिकलेली नर्स ठेवायची तर महिन्याचा खर्च झेपत नाही. इथे मागायचं कोणाकडे?"

दुबईत म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष देत नाहीत असं नाही हो. समाजविकासाचं सरकारी खातं 2008 पासून आहे. साठीच्या पुढच्यांना हक्क देणारा कायदा 2019 साली झाला, पण तो तिथल्या नागरिकांसाठी. बाहेरून आलेल्या अपंग माणसाला 'सनद' कार्ड मिळू शकतं, त्यावर सवलती आहेत. पण घरी येऊन अंघोळ घालणारा हात त्यात नाही. आईचा व्हिसा मुलाच्या नावावर, तो वर्षावर्षाने नवा करायचा. आरोग्यविमाही त्यानेच काढायचा. म्हणजे आईची सगळी सोय त्याच्या एका नोकरीवर टांगलेली. भाचा म्हणाला, "रागावायला तरी समोर कोणी पाहिजे ना, मामी!"

त्याचं हे बोलणं ऐकून आम्हाला आपल्या गावची आठवण झाली. आपल्याकडे रागावायला जागा आहे. सिऊदचा कायदा 1988 पासून चालू आहे, बितुआह लेउमी घरी मेटापेलेतचे तास देते. इरियाच्या रवाहा खात्यात सोशल वर्कर आहेत. आणि तरी शब्बाथला सिनेगॉगबाहेर आपण काय बोलतो? फोन उचलत नाहीत, बाई येत नाही, कागद हरवला म्हणतात. बोलून घरी जातो, लिहीत मात्र कोणी नाही. सरकारी माणसापुढे हात जोडून उभं राहायची सवय आपण बोटीतून आणि विमानातून बरोबर घेऊन आलो.

आमच्या शेजारच्या आजी पडल्या, खुबा मोडला. रवाहाची बाई येते येते म्हणत चार महिने आली नाही. आजी म्हणायच्या, "कशाला तक्रार? बरं दिसत नाही." शेवटी आठवीतल्या नातीने हिब्रूत अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. कोणत्या तारखेला फोन केला, कोण बोललं, काय कबूल केलं, एवढंच. ते इरियातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे दिलं. तिसऱ्या आठवड्यात बाई दारात हजर!

2008 च्या कायद्याने प्रत्येक इरियाला असा अधिकारी नेमावा लागतो. तिथेही काम झालं नाही तर मेवाकेर हामेदिनाच्या कचेरीत तक्रार करता येते. 1971 पासून ही सोय आहे आणि पैसे पडत नाहीत. बितुआह लेउमीने नाही म्हटलं तर हरकत घ्यायला मुदत असते, म्हणून पत्र उशीखाली ठेवू नका. उघडा, कोणाकडून तरी वाचून घ्या आणि प्रत जपून ठेवा.

बालमित्रांनो, तुम्हाला हिब्रू येतं, आजी-आजोबांना मराठी. या शब्बाथला त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आजी, तुझं कुठलं काम अडलंय?" मग वही घ्या आणि तारखेसकट लिहून काढा.

वन्संची टाच बरी झाली. भाचा अजून दर वर्षी व्हिसा नवा करतो. आम्ही फोनवर विचारतो, तो म्हणतो, "चाललंय, मामी." त्याला तक्रारीचं पत्र पाठवायला पत्ताच नाही. आपल्याकडे आहे, तो वापरा.