विश्लेषण : पतीच्या मृत्यूनंतर तीच वर्दी… वीरपत्नी लष्करी अधिकारी कशा होतात?

आंबिवलीहून मीरा रोड तसे लांब नाही. जिल्हा एकच, रेल्वेमार्ग तेवढा वेगळा. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरच्या गुरेझ क्षेत्रात घुसखोरांशी लढताना हुतात्मा झाले. वय २९. मागे आई-वडील, पत्नी कनिका आणि जेमतेम अडीच वर्षांचा मुलगा. नोव्हेंबर २०२० मध्ये कनिका राणे चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या.

ही नोकरी अनुकंपा तत्त्वावर मिळते का?

नाही, आणि याबाबत बराच गैरसमज आहे. सवलत मिळते ती एवढीच : बिगरतांत्रिक शाखेसाठी इतर पदवीधरांना द्यावी लागणारी यूपीएससीची सीडीएस लेखी परीक्षा माफ होते, आणि वयोमर्यादा ३५ पर्यंत वाढते. पती कर्तव्यावर असताना मरण पावलेला असावा. युद्धातच असे नाही. पण जागा? बहुतेक जाहिरातींत तांत्रिक शाखेसाठी एक, बिगरतांत्रिकसाठी एक. पहिलीला अभियांत्रिकीची पदवी लागते, दुसरीला कोणतीही चालते.

त्यानंतर एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत सगळ्यांना सारखीच. मानसशास्त्रीय चाचणीत ६० शब्द एकामागोमाग दाखवतात, प्रत्येकाला १५ सेकंद. सुचेल ते वाक्य लिहायचे. दुःख ताजे असताना हे किती कठीण, ते वेगळे सांगायला नको. वैद्यकीय तपासणीही चुकत नाही. मग सुमारे ११ महिन्यांचे प्रशिक्षण, तेही वयाने बऱ्याच लहान असलेल्या सहकाऱ्यांबरोबर.

वय उलटून गेले असेल तर?

साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. पत्नी स्वाती यांनी वयोमर्यादा ओलांडली होती. संरक्षण मंत्रालयाने त्यांना विशेष सूट दिली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या अधिकारी झाल्या. अशी सूट अपवादच. तिच्यावर विसंबून थांबू नये.

मुलगा किंवा भाऊ असेल तर?

सैनिकांच्या मुला-भावांसाठी रेजिमेंटच्या केंद्रांवर युनिट मुख्यालय कोट्यातून भरती होते. धावणे, वैद्यकीय, लेखी परीक्षा त्यातही आहेच. शिवाय आता ती अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी. कायम होतात जास्तीत जास्त २५ टक्के. वीरपत्नींना मिळते ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन १० वर्षांचे असते आणि आणखी चार वर्षे वाढू शकते.