शंभर दिवसांचे महिने किती?

नागपूरच्या सदरमध्ये रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीत एका छोट्या पतसंस्थेचं कार्यालय आहे. तिथला जुना संगणक शेवटच्या घटका मोजत होता आणि ठेवींचं व्याज काढणारी स्क्रिप्ट नव्या संगणकावर चालेना, म्हणून मला बोलावणं आलं. स्क्रिप्ट २०११ सालची, पायथन २.७ मधली. लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेलेला.

पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. पण लोकांच्या कामाच्या कितीतरी लायब्ररी तेव्हा त्यावर चालत नव्हत्या, म्हणून २०११ मध्ये २.७ निवडणं शहाणपणाचंच होतं. त्या आवृत्तीची देखभाल आधी २०१५ मध्ये थांबणार होती; मुदत वाढवून ती १ जानेवारी २०२० ला थांबवली.

पहिला तास सोपा गेला. प्रिंटला कंस नाहीत म्हणून तक्रार, ते घातले. मग काही ओळींत टॅब, काही ओळींत स्पेस. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. जुनं पायथन चालवून घ्यायचं, नवं पुढे जाऊ देत नाही. काही खात्यांत मुदतीची तारीखच नव्हती. पायथन २ रिकाम्या जागेला सगळ्या आकड्यांपेक्षा लहान धरून मुकाट्याने क्रम लावायचं, पायथन ३ तिथेच थांबतं. अशा चुकांचा मला त्रास वाटत नाही. त्या ओळ क्रमांकासकट समोर येतात.

दुपारी स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालली. लेखापाल ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "भाऊ, चालून तर राहिली. पैसे बरोबर येऊन राहिले का?"

जुना संगणक अजून सुरू होता, हे नशीब. मागच्या ३१ मार्चची तीच माहिती दोन्हींना दिली आणि दोन याद्या ओळीला ओळ लावून पाहिल्या. कितीतरी खात्यांत फरक निघाला, आणि एकदाही एररचा संदेश आला नव्हता.

एक ठेव घेतली. दहा हजार रुपये, नऊ टक्के, शंभर दिवस. महिन्याचं व्याज पंचाहत्तर. जुनी यादी म्हणते २२५, नवी म्हणते २५०. स्क्रिप्टमध्ये दिवसांना तीसने भागलं होतं. पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळून पडतो, म्हणून शंभर दिवसांचे तीन महिने. पायथन ३ मध्ये सव्वातीनहून थोडे जास्त. आता खरं कोणतं? हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. ताईंनी कपाटातून ठेवींच्या नियमांची पुस्तिका काढली: व्याज पूर्ण झालेल्या महिन्यांचंच. म्हणजे त्या मुलाने भागाकाराचा तो स्वभाव जाणून वापरला होता. तिथे दोन तिरप्या रेघा घातल्या, अपूर्णांक पुन्हा गळाला. आपोआप रूपांतर करणारं टू-टू-थ्री नावाचं साधन पायथनसोबतच यायचं (३.१३ पासून ते काढून टाकलं आहे), पण तेही अशा भागाकाराला हात लावत नसे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्याला कळणार कसं?

तरी काही खात्यांत एकेक रुपया कमीच. हे शोधायला दुसरा दिवस गेला. साडेबारा रुपयांचा पूर्ण रुपया करताना पायथन २ तेरा देतं, पायथन ३ बारा. साडेतेराचे मात्र दोन्हीकडे चौदा. नवा राउंड बरोबर अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेतो, म्हणजे मोठ्या बेरजांत चूक एकाच बाजूला साचत नाही. गणिताला हे पटतं. पण या संस्थेत पन्नास पैसे म्हणजे वरचा रुपया, आणि सभासदाचं पासबुक वर्षानुवर्षं तसंच भरलेलं. डेसिमल वापरून जुनीच रीत स्पष्ट शब्दांत लिहिली, वर मराठीत टीपही टाकली.

तिसऱ्या संध्याकाळी मोजक्याच ओळी वेगळ्या उरल्या. रकमा जुळत होत्या, फरक नावांत होता. पायथन २ साठी 'सदर' हा शब्द नऊ लांबीचा, कारण ते बाइट मोजायचं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन ३ तीनच मोजतं. जुन्या स्क्रिप्टमध्ये नावाला साठची मर्यादा होती. मधल्या दोन स्पेस एकेका बाइटच्या, म्हणून लांब नाव एकोणीस चिन्हांनंतर तुटायचं आणि विसाव्याचा एक बाइट लोंबकळत राहायचा. पासबुकावर तिथे चौकोन उमटे. नव्या स्क्रिप्टला फाईल उघडताना यूटीएफ-८ असं सांगावं लागलं, नाहीतर ती विंडोजचा जुना संकेत धरून अक्षरांचा चुरा करत होती.

नावांतला हा फरक मी ठेवला. ताईंनी एक पान छापून घेतलं आणि चष्मा वर करून एका सभासदाचं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. मग ड्रॉवरमधून त्याच सभासदाचं पासबुक काढून शेजारी ठेवलं. तिथे प्रत्येक पानावर चौकोनापुढे आडनाव पेनाने पुरं केलेलं होतं, ताईंच्याच अक्षरात.