यकृताकडून इतर पेशींकडे

जनुकाचा रेणू ऋणभारित असतो, त्यामुळे तो पेशीपटलातून सहजासहजी आत शिरत नाही; रक्तात उघडा सोडला तर विकरे त्याचे तुकडे करतात. म्हणून त्याला वाहक लागतो. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनभारित मेदाच्या साहाय्याने डीएनए पेशींत पोहोचवला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ही रीत छान चालली. शरीरात मात्र तोच धनभार नडला: रक्तातली प्रथिने मेदाच्या कणांना चिकटत आणि पेशींना इजा होई. विषाणूंचा मार्गही निर्धोक नव्हता. सप्टेंबर १९९९ मध्ये फिलाडेल्फियातील एका जनुकोपचार चाचणीत विषाणू-वाहक दिल्यानंतर १८ वर्षांचा तरुण दगावला.

कोंडी फोडणाऱ्यांत व्हँकुव्हरचा पीटर कलिस यांचा गट अग्रभागी होता. आरएनए वाहून नेणाऱ्या त्यांच्या मेदाचा भार सामूनुसार बदलतो. ७.४ सामूच्या रक्तात तो जवळपास भाररहित असतो. पेशीने कण गिळला की एंडोसोम नावाच्या कप्प्यात आम्लता वाढते, मेद धनभारित होतो, कप्प्याच्या ऋणभारित पटलाशी जुळून ते विस्कटतो आणि आरएनए बाहेर पडतो. तरीही २०१३ च्या मोजणीत जेमतेम एक-दोन टक्केच आरएनए असा निसटताना आढळला. कण नेमक्या पेशीपर्यंत पोहोचण्याइतकेच आरएनएचे हे निसटणेही महत्त्वाचे आहे.

रक्तात सोडलेले हे कण मुख्यतः यकृतातच का जमतात, याचा उलगडा २०१० मध्ये झाला. रक्तातले अपोलिपोप्रोटीन-ई कणावर बसते आणि यकृतपेशींवरचे एलडीएल ग्राही त्याला ओळखतात. म्हणजे पत्ता शरीरानेच लिहिला होता. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे औषध याच वाटेने यकृतात पोहोचते. २०२० च्या कोविड लशींतही असेच मेदकण होते, पण त्या स्नायूत टोचायच्या असल्याने नेमक्या पेशीचा प्रश्न तिथे तितका कठीण नव्हता.

यकृत टाळण्याची रीत २०२० मध्ये टेक्सासच्या डॅनियल सीगवार्ट यांच्या गटाने दाखवली. कणाच्या नेहमीच्या चार घटकांत पाचवा मेद मिसळला: तो कायम धनभारित असेल तर उंदरांत कण फुप्फुसाकडे वळत, ऋणभारित असेल तर प्लीहेकडे. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात कणांवर टी-पेशींवरचे सीडी५ हे प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे जोडली गेली. ते कण टी-पेशींत शिरले, आतल्या आरएनएच्या सूचनेनुसार त्या पेशींनी हृदयातल्या तंतुमय ऊती घडवणाऱ्या पेशींवर हल्ला चढवला आणि उंदरांच्या हृदयाचे कार्य सुधारले.

नेमक्या अवयवापर्यंत पोहोचण्यातले माणसातले ठळक यश मात्र मुख्यतः यकृतातच मिळाले आहे. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात सीपीएस१ विकराच्या जन्मजात कमतरतेने आजारी असलेल्या एका बाळासाठी खास जनुक-संपादक तयार झाला आणि मेदकणांतून तो त्याला दिला गेला. विषाणू-वाहकाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते, त्यामुळे तो पुन्हा देणे अवघड जाते. मेदकणांबाबत ही अडचण बरीच कमी असल्याने बाळाला पुढच्या मात्रा वाढवून देता आल्या.